अम्मी दुभाषी झाली

आमच्या घरातली हवासुद्धा पांढरी असायची. अब्बा गादीवाले. मलकापुरात कापसाच्या जिनांच्या, म्हणजे सरकी काढायच्या गिरण्यांच्या, मागच्या अंगाला आमची गल्ली, गल्लीच्या तोंडाशी दोन खोल्या, आणि पुढे पत्र्याची पडवी. त्या पडवीत आढ्याला अब्बांची पिंजण टांगलेली असे, माणसापेक्षा लांब, धनुष्यासारखी. सकाळची नमाज झाली की अब्बा लाकडी ठोकळा हातात घेत आणि तिच्या ताणलेल्या तातीवर, म्हणजे दोरीवर, मारत. ढुंय, ढुंय, टण्ण. ढुंय, ढुंय, टण्ण. जुन्या गाद्यांमधला दगडासारखा झालेला कापूस त्या आवाजानं जागा व्हायचा, सुटायचा, फुगायचा, आणि त्यातला थोडा वर उडून दिवसभर उन्हाच्या तिरिपेत तरंगत राहायचा. तो माठावर बसायचा, भाकरीच्या पिठात बसायचा, अम्मीच्या पापण्यांवर बसायचा. सगळ्याच आयांच्या पापण्या पांढऱ्या असतात, असं मला लहानपणी वाटायचं.

दुपारी अब्बा जरा आडवे होत. मग गल्लीत दुसरे आवाज यायचे. जिनातल्या यंत्रांची दूरची घरघर, कुणाच्या तरी शेळीचं ओरडणं, आणि मधूनच स्टेशनाकडून गाडीची शिटी. मी नव्यानं भरलेल्या एखाद्या गादीवर चोरून पडलेली असे. गिऱ्हाइकाच्या गादीवर झोपायचं नाही, हा अब्बांचा नियम होता आणि त्या वेळी त्यांचेच डोळे मिटलेले असायचे. अर्धवट झोपेत मला अम्मीचा आवाज ऐकू यायचा. गादीला दाभणानं टाके घालता घालता ती स्वतःशीच काही गुणगुणायची, आणि त्यातला एकही शब्द मला कळायचा नाही. सगळे शब्द गोल, ओलसर, एकमेकांना चिकटलेले. मी डोळे उघडले की ती थांबायची.

"काय म्हनत होती, अम्मी?"

"काई नाई. झोप तू, नसीम."

म्हणून कितीतरी वर्षं मी समजत होते की ती झोपेची भाषा आहे. लेकरं झोपली की आया ती बोलतात, आणि जागी झाली की विसरतात.

अम्मी आमच्या घरी कशी आली, ते मला सिंधुकाकूनं सांगितलं. सिंधुकाकू आमची शेजारीण, विधवा, स्टेशनच्या फलाटावर उकडलेल्या शेंगा विकायची. ही गोष्ट सांगताना ती पाटी खाली ठेवून, दोन्ही हात मोकळे करून सांगायची. "पोरगी नुसती भट्टी झालती तापानं. बायांचा घोळका होता संगं, मुंबईले घरकामाले चालला होता. त्यायनं इले बाकड्यावर बसवलं हवेले, आन् गाडी सुटली. बाया गाडीत, ही बाकड्यावर. मी म्हनलं, आता इले टेकवाव कुठीसा? मंग आठवलं, मायबाई, गाद्या कोनाच्या घरी हायेत?" आणि स्वतःच्याच हुशारीवर ती इतकी हसायची की डोळ्यांना पाणी यायचं.

तेव्हा दादी, म्हणजे अब्बांची आई, होती. दादीनं त्या अनोळखी पोरीला एका कोऱ्या गादीवर निजवलं आणि कपाळावर ओल्या फडक्याच्या घड्या ठेवल्या. अम्मीचं स्वतःचं म्हणणं असं, की तिनं डोळे उघडले तेव्हा पांढरं काहीतरी उडत होतं. तिच्या गावी पाऊसकाळ सरला की नदीकाठी पांढऱ्या तुऱ्यांचं गवत फुलतं, वारा आला की ते तुरे असेच उडतात. तिला वाटलं, आपण घरीच आहोत. ती उठून बसली आणि दादीला हातानं खुणावून विचारू लागली, नदी कुठं आहे? दादीला वाटलं, पाणी मागते आहे. तिनं तांब्या दिला.

ताप उतरला. तिला शोधायला कुणी परत आलं नाही. कुठल्या शहरात, कुठल्या मोहल्ल्यात त्या बाया जाणार होत्या, तेही तिला नीट ठाऊक नव्हतं. तिचं नाव पारुल, सिंधुकाकूनं त्याचं पहिल्याच दिवशी पारू केलं. पारू दादीजवळ राहिली, दाभण चालवायला शिकली, आणि पुढे अब्बांशी तिचा निकाह झाला.

भाषेची मात्र आमच्या घरी गंमत होती. दादी आणि अब्बांची बोली हिंदी-उर्दू-वऱ्हाडीची खिचडी. पण अम्मी सगळ्यात आधी शिकली ती सिंधुकाकूची वऱ्हाडी, कारण दिवसभर तिच्याशी बोलणारी तीच. निकाह झाला तेव्हा नवराबायकोला दोघांनाही नीट येणारी भाषा ती एकच होती. त्यामुळे गल्लीतल्या इतर घरांत 'सुनो जी' चालायचं आणि आमच्या घरात 'आयकलं का'. अम्मी भांडायची वऱ्हाडीत, लाड करायची वऱ्हाडीत. आज मी शाळेत मराठी शिकवते. लोक कौतुकानं विचारतात, मॅडम, तुमची मराठी इतकी चांगली कशी? मी सांगते, माझी मातृभाषा आहे. ते मान हलवतात, पण त्यांना ते खरं वाटत नाही. मला तरी ते सगळंच्या सगळं कुठं खरं वाटतं.

स्वयंपाकघरात ती दोन मुलखांत राहायची. ज्वारीची भाकरी तिला येत नसे. येत नसे म्हणजे कधीच गोल झाली नाही. अंबाडीची भाजी, ठेचा, वांग्याचं भरीत ती सिंधुकाकूच्या हाताखाली शिकली. पण नळगंगेच्या धरणावरचा मासेवाला सायकलची घंटी वाजवत गल्लीत शिरला की तिचं अंग बदलायचं. पदर खोचून ती टोपलीशी बसायची, माशाचे कल्ले उघडून बघायची, बोट लावून वास घ्यायची. मग मोहरी आणि हिरवी मिरची पाट्यावर ओली वाटायची. त्याचा झणका डोळ्यांत जायचा आणि आम्ही सगळे, कापसानं नि मोहरीनं, शिंकत बसायचो. अब्बा तो रस्सा भाकरी कुस्करून खायचे. अम्मी कपाळावर हात मारायची. "मासोळी भाताबरोबर खातेत जी!" "मी माया बापाच्या गावात खाऊन राह्यलो," अब्बा म्हणायचे. उन्हाळ्यात ती शिळ्या भातावर पाणी घालून ठेवायची आणि सकाळी कांदा-मिरचीबरोबर खायची. मला ते आवडायचं. थंड, आंबूस, आणि खाल्ल्यावर पुन्हा झोप यायची.

एक गोष्ट मला शिकवून ठेवलेली होती. कुणी विचारलं की तुझ्या अम्मीचं माहेर कुठलं, तर सांगायचं, मालदा. मालदा हे नाव अब्बांनी कुठून तरी आणलं होतं. ते आपल्या देशात, बंगालकडं आहे, एवढंच मला ठाऊक होतं. अम्मीनंसुद्धा ते गाव कधी पाहिलेलं नव्हतं. आम्ही तिघं मिळून एका न पाहिलेल्या गावाचं नाव सांभाळत होतो. पण तसं फार कुणी विचारायचं नाही. रेशनकार्डावर तिचं नाव होतं, गल्लीतल्या प्रत्येक घरात तिच्या हातच्या टाक्यांची गादी होती. माणूस इतक्या लोकांच्या अंगाखाली असल्यावर त्याला उठून कोण विचारणार, तू कुठला म्हणून?

अमान झाला तेव्हा मी चांगली मोठी, आठवी पार केलेली होते. अम्मीची मधली दोन मुलं जगली नव्हती, म्हणून हा भाऊ घरात मोत्यासारखा आला. तो चालायला लागला, बोबडं बोलायला लागला, तरी अम्मीनं त्याचं दूध सोडवलं नव्हतं. मी दहावीच्या उंबऱ्यावर होते.

होळी होऊन गेली होती. उन्हं तापायला लागलेली. सकाळची वेळ, अब्बा पिंजत होते. आमच्याच गल्लीत राहणारे, पोलिसातले इंगळे जमादार पडवीशी येऊन उभे राहिले. भला माणूस. त्यांच्या मुलीच्या लग्नातल्या गाद्या अब्बांनीच भरल्या होत्या.

"वहिनी, एक काम होतं," ते म्हणाले. "गावाबाहेरच्या भट्टीवरचे मानसं आनले आमी, वीटकाम करनारे. कागदपत्र काई नाई त्यायच्याजवळ. बोलतेत काय, थे बी समजून नाई राह्यलं. तुमाले थे बंगाली बोली येते म्हने?"

अब्बांचा हात वरच्या वर थांबला. "नाई येत तिले," ते म्हणाले. "तिले आपलीच येते."

"असं का." जमादार घुटमळले. "एक बाई हाय त्यायच्यात. तान्हं लेकरू हाय जवळ. सकाळपासून एकच गोठ म्हनून राह्यली, कोनाले समजत नाई. लेकरू आता रडून बी नाई राह्यलं." आणि ते वळले.

अम्मी गादीवर वाकलेली होती. तिनं दाभण कापडात खोचलं, डोक्यावर पदर घेतला. "थांबा भाऊ. येते मी."

"पारू," अब्बा म्हणाले. चारचौघांत त्यांनी तिला नावानं हाक मारलेली मी कधी ऐकली नव्हती.

"लेकरू हाय जी," ती म्हणाली, आणि निघाली. अमान रडायला लागला म्हणून मी त्याला कडेवर घेतलं आणि तिच्या मागं गेले.

त्या लोकांना कापसाच्या एका रिकाम्या गोदामात बसवलं होतं. आत अंधार होता, वरच्या झरोक्यांतून उजेडाचे पट्टे खाली उतरले होते. एका बाजूला पुरुष, एका बाजूला बायका. एका टेबलाशी साहेब बसले होते, बाहेरच्या जिल्ह्यातले, तरुण, घामानं भिजलेले. ती बाई भिंतीला टेकून बसली होती. अम्मीला बघून तिनं तेच वाक्य म्हटलं, जे ती सकाळपासून म्हणत असावी.

मला अजून आठवतं, ते ऐकताना अम्मीचा चेहरा कसा झाला. कुणी फार दिवसांनी नावानं हाक मारावी तसा. ती साहेबांकडं वळली. "साहेब, थे म्हनते, मायं दूध आटलं. लेकरू उपाशी हाय." मग तिनं कुणाला काही विचारलं नाही. पुरुषांकडं पाठ करून खाली बसली, बाईच्या मांडीवरचं ते मूल उचललं, आणि पदराखाली घेतलं. माझ्या कडेवरून अमाननं ते पाहिलं आणि असा आकांत केला की शेवटी साहेबांनीच त्याला एक बिस्किट दिलं. पदराखालचं मूल आधी नुसतंच पडून होतं. मग त्याचा घोट घेतल्याचा आवाज आला, अगदी बारीक. गोदामातल्या सगळ्या बायकांनी एकदम श्वास सोडला.

त्यानंतर दुपारपर्यंत अम्मीनं दुभाष्याचं काम केलं. कुणाचा नवरा मागं राहिला होता, कुणाला पोटात दुखत होतं, एका म्हाताऱ्याला फक्त एवढंच जाणून घ्यायचं होतं की भट्टीवर राहिलेल्या त्याच्या कोंबड्यांना दाणे कोण टाकणार. अम्मी तिकडचं इकडं आणि इकडचं तिकडं करत होती. एरवी ती हळू बोलायची, शब्द चाचपत. तिथं तिचा आवाज मोठा झाला. ती हातवारे करत होती, मध्येच हसलीसुद्धा. माझी झोपेतली भाषा भर दिवसा, सगळ्यांसमोर, खणखणीत चालली होती आणि मी तिथं उभी राहून माझ्या आईकडं अनोळखी माणसाकडं बघावं तशी बघत होते. ती फार सुंदर दिसत होती.

साहेब खूश झाले. त्यांनी अम्मीसाठी चहा मागवला. तेवढ्यात त्या दूध आटलेल्या बाईनं अम्मीचा हात धरून काहीतरी विचारलं. अम्मीनं एकच शब्द म्हटला. बाई ओरडलीच. अम्मीच्या गळ्यात पडून ती रडायला लागली, रडता रडता बोलायला लागली, आणि अम्मीही.

"काय म्हणते ती?" साहेबांनी विचारलं. त्यांनी सहज विचारलं होतं, दिवसभर विचारत होते तसंच.

अम्मी काहीही सांगू शकली असती. तिच्याशिवाय तिथं कुणाला कळणार होतं? तिनं डोळे पुसले आणि म्हणाली, "थे म्हनते, साहेब, आमी दोघी एकाच नदीच्या हाओत."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "कुठली नदी, ताई?"

"रूपसा."

"ती कुठं आली?"

"तिकडं, साहेब." अम्मीनं हात केला. भिंतीच्या पलीकडंच नदी असावी तसा.

इंगळे जमादारांनी मान खाली घातली. साहेबांनी पेनाचं टोपण लावलं. मग म्हणाले, "आज घरी जा. उद्या येऊ आम्ही." ते वाईट माणूस नव्हते. वाईट माणूस असता तर मला पुढची वर्षं सोपी गेली असती. कुणावर तरी राग धरून बसता आलं असतं.

घरी आल्यावर अब्बांनी तिला काही विचारलं नाही. जमादार गल्लीच्या तोंडापर्यंत आमच्यासोबत मुकाट आले होते, त्यावरूनच ते समजले. दुसऱ्या दिवशी पोलीस आले आणि तिला घेऊन गेले. अमानला सोबत न्यावं लागलं, तो दुधावरचा.

पुढं जे झालं ते खूप महिने चाललं, पण माझ्या आठवणीत ते एका लांबलचक दुपारसारखं आहे. अब्बा सकाळी निघायचे आणि कुठल्यातरी कचेरीच्या बाकावर बसून परत यायचे. पिंजण नुसती टांगलेली. हवा स्वच्छ झाली, घरातल्या वस्तू फार स्पष्ट दिसायला लागल्या, आणि मला ते आवडत नव्हतं. सिंधुकाकू भाकऱ्या आणून द्यायची, गोल. मोहल्ल्यानं वकील दिला. कोर्टात मी एकदा गेले होते. न्यायाधीशांनी विचारलं, आरोपीसाठी दुभाषी आहे का? अम्मी म्हणाली, "मले मराठी येते, साहेब." तिला कुठून आलीस विचारलं, तिनं सांगितलं. का आलीस विचारलं, तिनं ताप, बाकडं, दादीचा तांब्या, सगळं सांगितलं. मागं बसलेल्या लोकांत कुणीतरी 'अरेरे' म्हटलं. पण कायद्याच्या लेखी ती विनाकागद आलेली परदेशी बाई होती, आणि ते तर खरंच होतं. शिक्षा झाली, आणि शिक्षा संपल्यावर पाठवणी.

अमानचा प्रश्न शेवटी आला. मूल इथं जन्मलेलं, बाप इथला. ते राहू शकतं, असं अब्बांना सांगण्यात आलं. अब्बा मला तुरुंगाच्या भेटीला घेऊन गेले. जाळीच्या पलीकडं अम्मी, तिच्या खांद्यावर अमान झोपलेला.

"ठेवून घ्या त्याले," अम्मी म्हणाली. "तिथं मायं कोन राह्यलं असंल का नसंल, मले मालूम नाई."

अब्बांनी जाळीला कपाळ टेकलं. "म्हनूनच घेऊन जा," ते म्हणाले. "तुले तिथं कोनीतरी पाह्यजेच. नसीम मायाजवळ राहीन. एक तुयाजवळ, एक मायाजवळ."

त्या दिवशी घरी येताना एसटीत अब्बा खिडकीबाहेर बघत बसले होते. मी त्यांना विचारलं नाही, की हे तुम्ही कसं ठरवलं. आजवर नाही विचारलं.

तिला मलकापुरातूनच हावड्याच्या गाडीत बसवणार होते. सकाळी ऊन कोवळं होतं. फलाटावर सिंधुकाकूनं आज शेंगा उकडल्या नव्हत्या, रिकामी पाटी घेऊन ती उभी होती. का आणली होती ती पाटी, कोण जाणे, सवयीनं. सोबतच्या महिला पोलिसानं अम्मीला बाकावर बसू दिलं आणि अमानला स्वतःच्या कडेवर घेतलं. अम्मीनं मला पुढ्यात, खाली बसवलं आणि माझे केस मोकळे केले. फणी नव्हती. ती बोटांनीच केस विंचरत राहिली, भांग पाडला, वेणी घातली, मग ती सोडली आणि पुन्हा घातली. "सातूचं पीठ डब्यात हाय, किडे पडतीन, ऊन दाखवजो," ती म्हणाली. "अब्बाले मासोळी भाकरीबरोबर खाऊ देजो. पन काटे तूच काहाडून देजो, त्यायले दिसत नाईत." मी म्हटलं, हाव. गाडी आली. अब्बांनी अमानचा मुका घेतला, अम्मीकडं बघितलं, आणि दोघंही काही बोलले नाहीत. एवढ्या वर्षांच्या भांडणांची, लाडांची ती वऱ्हाडी त्या वेळी दोघांनाही सापडली नाही. गाडी हलली तेव्हा अमान खिडकीतून हात हलवत होता, त्याला वाटत होतं आपण फिरायला चाललो आहोत.

त्यानंतरची वर्षं मी इथं लिहीत नाही, ती सगळ्यांच्या आयुष्यासारखीच गेली. शिकले, नोकरी लागली, लग्न झालं, अब्बांना मी गावातच माझ्या घरी आणलं. अब्बांना दुसरं लग्न करा म्हणणारे पुष्कळ आले. ते म्हणायचे, माझी बायको आहे की. पासपोर्टसाठी ते खेटे घालत राहिले. तो निघाला तर व्हिसा मिळेना, आणि एकदा परत पाठवलेल्या अम्मीला इकडं यायची परवानगी तर नव्हतीच. फोन सुरू झाले ते खूप उशिरा. आधी गावातल्या दुकानदाराच्या फोनवर, ओरडून ओरडून, मग पुढं मोबाइलवर चेहरा दिसायला लागला. पण पडद्यावर दोघंही लाजायचे. अब्बा पडद्यासमोर दाढी नीट करून बसायचे आणि विचारायचे, "पानीपाऊस कसा हाय तिकडं?" मग त्यांना अर्धांगवायूचा झटका आला, उजवी बाजू गेली आणि प्रवासाचा विषयच संपला.

आजकाल माझ्या मोबाइलवर अशा धरपकडीचे व्हिडिओ येतात. रांगेत बसवलेली माणसं, तोंड लपवणाऱ्या बाया, आणि खाली लोकांचे शेरे. मी ते शेरे वाचत नाही. मी फक्त बघत असते, की त्या गर्दीत मध्ये उभं राहून कुणी इकडचं तिकडं सांगतं आहे का.

मला व्हिसा मिळाला. सरहद्दीपलीकडं, खुलन्याच्या पुढं होडीतून जावं लागतं. धक्क्यावर एक दाढीवाला उंच माणूस उभा होता, त्यानं माझी पिशवी घेतली आणि रडायला लागला. तो अमान होता. त्याला माझी भाषा येत नव्हती, मला त्याची. आम्ही दोघं एकमेकांच्या तोंडाकडं बघत, मोठमोठ्यानं आपापल्या भाषेत बोलत घरापर्यंत गेलो. अम्मी अंगणात शेळीला हाकलत होती. "हाल ना वो इथून, काऊन तोंड घालून राह्यली पिठात!" वऱ्हाडीत. अमानच्या बायकोनं हसून काहीतरी सांगितलं, अम्मीनंच मला ते आपल्या बोलीत करून सांगितलं, की इथं सगळे तिला इंडियावाली म्हणतात.

ती अगदी लहान झाली होती, वाळलेली, केस पांढरेशुभ्र. मी असेपर्यंत ती आम्हा बहीणभावाच्या मध्ये बसून राहिली. तो बोलायचा, ती मला सांगायची. मी बोलायचे, ती त्याला सांगायची. कधी कधी एखादी गोष्ट तिला इतकी आवडायची की दुसऱ्याला सांगायचंच विसरून जायची, एकटीच हसत बसायची, आणि आम्ही दोघं तिची बाही ओढायचो.

एकदा नदीकाठी कपडे वाळत घालताना मी विचारलं. "अम्मी, त्या दिवशी साहेबाले खरं काऊन सांगतलं?"

ती पिळा सोडवत राहिली. "ठरवलं नोतं वो. दिवसभर जे आयकलं थे सांगून राह्यलती ना मी. थे बी तसंच निंगालं." मग म्हणाली, "आन् खरं सांगू का? बरं वाटलं. दोन्ही बोल्या एका दमात बोलली मी त्या दिवशी. तसं पुन्हा कदी जमलंच नाई. आता तू आली तवा जमून राह्यलं." तिला पश्चात्ताप होता का, ते मी विचारलं नाही. त्या तान्ह्या मुलाचं पुढं काय झालं, तेही तिला कधी कळलं नाही. एवढं मात्र म्हणाली, की तिला दूध होतं तोवर त्याचीच आठवण यायची.

निघायच्या दिवशी ती अब्बांबद्दल बोलली. तोवर नुसतं औषधपाणी, जेवणखाण एवढंच विचारलं होतं. "दुसरी केली नाई ना त्यायनं?" ती म्हणाली. तिला ठाऊक होतं, तरी विचारलं. मी म्हटलं, नाही. तिनं माझ्या पिशवीचा बंद घट्ट केला. मग म्हणाली, "येडेच हायेत तुये अब्बा." आणि पदरानं तोंड झाकून घेतलं.

मी मलकापुरात परतले तेव्हा अब्बा दाराकडं तोंड करून पडले होते. माझ्या नवऱ्यानं त्यांना बसतं केलं. मी अमानचे फोटो दाखवले, घर दाखवलं, होडी दाखवली. ते सगळ्याला मान हलवत होते. अर्धवट वळणाऱ्या जिभेनं त्यांनी शेवटी विचारलं, "मायासाठी... काई म्हनली?"

"म्हनली, येडेच हायेत तुये अब्बा."

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं, थकले, झोपले. मी उठायला लागले तर डावा हात माझ्या मनगटावर आला.

"तिच्यावानी म्हन," ते म्हणाले.

मी परत बसले. पदर तोंडावर घेतला आणि तिच्यासारखं म्हणून दाखवलं.